गोळी न खाता डोकेदुखी कशी थांबवावी? जवळजवळ रोजच दुखून रायलं

पराटीवाली
नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची, वय ३६. डोकेदुखी मले लग्नाच्या आधीपासूनच हाय पण तेव्हा महिन्यातून एखाद्या वेळी, पाळीच्या आसपास व्हायची, अंधारात पडून रायली का दुसऱ्या दिवशी साफ. आता मात्र काही नेमच नाही रायला, दिवसाआड दुखते, कापूस वेचणीच्या दिवसांत तं रोजच. गावातल्या किराणा दुकानात डोकेदुखीची गोळी भेटते, ती चहासोबत घेतली का दोन-तीन घंटे बरं वाटते अन् मग पुन्हा सुरू. बटव्यात एखाद्या वेळी पैसे नसतात पण गोळी असतेच. सासूबाई म्हणतात गोळ्यांनी किडनी जाते, घरचे म्हणतात चष्मा लागला असन, जाऊबाईचं म्हणणं नजर लागली.

दिवस असा असते, पहाटे ५ ले उठणं, चूल, पाणी, पोरांचे डबे, नुसता चहा पिऊन वावरात, जेवण ११-१२ वाजता धुऱ्यावर. ऑक्टोबरचं ऊन तुमाले माहीतच हाय. गोळी न घेता काय करता येते ते सांगा, घरगुती, व्यायाम, काहीपण. शहरातल्या दवाखान्यात गेलं का एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून इथं विचारून रायली. अन् एक विनंती, "टेन्शन घेऊ नका" असं कोणी सांगू नका, थे सगळेच सांगतात.

मोहफूल
ताई आमच्या घरी आजी सुंठ सहाणीवर उगाळून कपाळाले लावते, गरम गरम वाटते अन् दहा-पंधरा मिनिटांत फरक पडते. डोक्याले दुपट्टा घट्ट बांधून पडून राहायचं. आमच्या गडचिरोलीकडे काही लोक बिब्बा पण लावतात कपाळाले, मी नाही केलं कधी पण गुण येते म्हणतात.

उपकेंद्रातली सिस्टर
मोहफूल, बिब्बा अजिबात नको!! बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग राहतात, अन् कपाळावरून डोळ्यात ओघळलं तर आणखीच वाईट. उपकेंद्रात असे पेशंट येतात म्हणून सांगते. सुंठेचा लेप लावायला हरकत नाही, पातळ लावा, आग व्हायला लागली की लगेच धुवा, डोळ्यापासून लांब. दुपट्टा बांधून काहींना खरंच बरं वाटतं, त्यात तोटा काही नाही. पण लेप अन् दुपट्टा दुखत असताना कामाचे, रोज का दुखतं त्याचं उत्तर त्यात नाही.

पराटीवाली ताई, आधी थोडं सांगा. एका बाजूनं ठणकतं का डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं? मळमळ, उलटी होते का, उजेड अन् आवाज सहन होतो का? दुखत असताना काम करता येतं का पडूनच राहावं लागतं? गोळी महिन्यातून किती दिवस घेता, अंदाजे नको, आठवून सांगा. चहा किती वेळा? अन् वावरात कीटकनाशकाची फवारणी घरातलं कोण करतं?

पराटीवाली
सिस्टर, दोन्ही प्रकारचं होते. पाळीच्या वेळी होते थे उजव्या बाजूनं, ठणठण, उलटी झाली का जरा हलकं वाटते, टीव्हीचा आवाज बी नको वाटते. बाकीच्या दिवशी दुपारनंतर मानेपासून चढते अन् पूर्ण डोक्याले आवळल्यासारखं, पण काम करता येते. गोळीचं म्हणाल तं आठवायची गरजच नाही, महिन्यातले वीस-बावीस दिवस तरी होत असन. चहा ४-५ वेळा, वावरात थर्मास असतोच. फवारणी घरचेच करतात, कपडे मी धुते. त्याचा माझ्या डोक्याशी काय संबंध?

उपकेंद्रातली सिस्टर
संबंध आहे, पण ते फवारणीवाले कोणी भाऊ असतील तर जास्त चांगलं सांगतील. मी गोळीचं सांगते कारण तुमच्या प्रश्नाची गाठ तिथंच आहे.

पाळीच्या वेळी होतं ती अर्धशिशी. पाळीच्या आधी शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम खाली येतं तेव्हा बऱ्याच बायांना होते, ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकते. दुपारनंतर मानेतून चढते ती ताणाची डोकेदुखी, ताण म्हणजे मनाचाच असं नाही, मानेच्या-खांद्याच्या स्नायूंचा पण. अन् या दोन्हींवर तिसरी बसली आहे, गोळ्यांमुळे होणारी. हे ऐकून लोक हसतात, की डोकेदुखीच्या गोळीनं डोकं कसं दुखन, पण हा डॉक्टरांच्या पुस्तकातला नोंदलेला आजार आहे. ज्यांना आधीपासून डोकेदुखी असते त्यांनी साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अन् दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर घेतलं की मेंदूला तिची सवय होते, गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. किराणा दुकानातल्या कितीतरी गोळ्यांत कॅफिन पण असतं, म्हणजे चहातलं जे असतं तेच. तुम्ही गोळी चहासोबत घेता म्हणजे डबल डोस. सासूबाई अगदीच चूक नाहीत बरं का, उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन काही वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर किडनीवर खरंच ताण येतो.

तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजपासून खुणा करा. दुखलं त्या तारखेला गोल, गोळी घेतली तर फुली, पाळीला टिंब, उपास असला तर उ. एका महिन्यात तुम्हाला स्वतःलाच दिसेल काय कशाच्या मागे येतं. आमच्या मेडिकल ऑफिसरसमोर असं कॅलेंडर ठेवलं की ते पाच मिनिटांत जे सांगतात ते नुसत्या "लय दुखते साहेब" वर सांगता येत नाही.

गोळी बंद केली की आधी जास्त दुखेल हे पक्कं धरून चाला. साधारण दोन ते दहा दिवस वाईट जातात, काहींना जास्त, मळमळ, झोप नाही, चिडचिड. म्हणून वेचणीच्या ऐन गर्दीत बंद करू नका, दिवाळीत काम थांबतं तेव्हा ठरवा. साध्या गोळ्या एकदम बंद करता येतात, पण झोपेची, फिटची, बीपीची किंवा डॉक्टरनं लिहून दिलेली कोणतीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, ते वेगळं. चहा मात्र एकदम तोडू नका, चहा सोडल्यावर १२ ते २४ तासांत चहाचं डोकं सुरू होतं अन् तुम्हाला वाटेल गोळीचंच आहे. पाचाचे चार करा, मग तीन, मग दोन, दर चार-पाच दिवसांनी एक कमी.

सकाळी नुसत्या चहावर जाणं बंद. हे मी सगळ्यात वर ठेवते. रात्रीची भाकर अन् शेंगदाण्याची चटणी, एक वाटी पोहे, काहीही, पण पोटात पडलं पाहिजे. अर्धशिशीवाल्या माणसाचा मेंदू वेळापत्रकाला धरून चालणारा असतो, जेवायची वेळ हुकली, झोप कमी झाली, झोप जास्त झाली, काहीही बदललं की रुसतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी ९ पर्यंत झोपणाऱ्यांचं पण दुखतं.

कपाशीवाला पुसद
ताई तुमचे मालक फवारून आले अन् तुम्ही थे कपडे हातानं धुता, बरोबर? अन् फवारलेल्या पराटीत, म्हणजे कपाशीत, दुसऱ्या दिवशी वेचणी? मंग डोकं दुखणारच ना बाप्पा. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं विसरले का लोक, फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पराटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच येत होता. कितीतरी जणांचं सुरुवातीचं दुखणं काय, तं डोकं अन् मळमळ. गोळी खाल्ली, चहा घेतला अन् पुन्हा पंप पाठीवर. म्हणून सांगतो, फवारणीच्या दिवशी डोकं दुखलं तं गोळी घेऊन काम रेटणं हे सगळ्यात डेंजर हाय.

मी आता काय करतो थे सांगतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा पाठीमागून घेऊन, दुपारच्या उन्हात बिलकुल नाही कारण घाम आला का कातडी औषध जास्त ओढून घेते. दोन-तीन औषधांचं कॉकटेल करायचं नाही, दुकानदार किती बी म्हणू दे. तोंडाले ओला दुपट्टा बांधून फवारतात लोक, त्याचा काही उपयोग नाही, उलट औषध कापडात मुरते अन् तुम्ही तेच नाकानं ओढता. फवारताना तंबाखूचा खर्रा नाही, बिडी नाही, हात धुतल्याशिवाय पाणी बी नाही. घरी आल्यावर पहिले साबणानं आंघोळ, मंग पोराले उचलायचं. कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, पोरांच्या कपड्यांसंगं नाही. डब्यावरचा तिकोण पाहायचा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अन् फवारल्यावर किती दिवस वावरात वेचायले जायचं नाही थे लेबलवर लिहिलं असते, वाचून घेणं, वाचता येत नसन तं पोरीले वाचायले लावणं.

उपकेंद्रातली सिस्टर
भाऊंनी बरोबर सांगितलं. भर एवढीच, डोकेदुखीसोबत तोंडाला लाळ सुटणं, दरदरून घाम, डोळ्याच्या बाहुल्या अगदी बारीक, धूसर दिसणं, छाती आवळणं, अंगाचे स्नायू फडफडणं यातलं काही दिसलं तर ती डोकेदुखी नाही, विषबाधा आहे. कपडे काढा, अंग धुवा, १०८ ला फोन करा अन् औषधाचा डबा सोबत न्या. लिंबूपाणी, ताक, मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका.

गुरुजी वाशीम
बरीच चर्चा झाली, मी दोन गोष्टी टाकतो. चष्म्याचं घरचे म्हणतात ते एकदम टाकाऊ नाही, चाळिशी जवळ आली की सुईत दोरा ओवताना, तांदूळ निवडताना डोळ्याला ताण येतो, ग्रामीण रुग्णालयात नंबर काढून घ्या. पण चष्म्याच्या नंबरानं उलट्या होत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरं मानेचं. आमच्याकडे केशकर्तनालयात डोक्याची चंपी झाली की शेवटी मान धरून कडकन मोडतात, डोकेदुखीवाले मुद्दाम जातात. चंपी करा बिनधास्त, मान मोडू देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यानं फाटू शकते अन् अर्धांगवायूपर्यंत गोष्ट जाते. त्यापेक्षा स्वतःच करा, भिंतीला पाठ टेकून बसा, हनुवटी खाली न घालता सरळ मागे ओढा, पाच मोजा, सोडा. असं आठ-दहा वेळा. खांदे कानापर्यंत वर नेऊन सैल सोडा. वेचणीत बाया दिवसभर मान खाली घालून, कमरेला ओटी बांधून काम करतात, त्यात डोक्यावर पाण्याचे गुंड, मान दुखणार नाही तर काय होईल. तासाभरानं एकदा उभं राहून एवढंच करायचं. संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मानेवर.

(खर्रा खाणाऱ्या पुरुष मंडळींसाठी: दिवसभर जबडा चालू राहिला की कानशिलाचे स्नायू दुखतात, अन् खर्रा मिळाला नाही की पुन्हा डोकं धरतं. आमच्या स्टाफरूममध्ये रोज प्रात्यक्षिक असतं.)

कारंजेकर
सगळं ठीक हाय पण सिस्टरनं कॅलेंडरवर उपासाले "उ" लिहायले सांगितलं थे मले नाही पटलं. आपल्या आया-बहिणी वर्षानुवर्षं उपास करून रायल्या, कोणाचं डोकं नाही दुखलं. उगाच धर्मात नका पडू.

उपकेंद्रातली सिस्टर
दादा, मी पण चतुर्थी करते. अन् आयांचं दुखत होतं, सांगत नव्हत्या एवढंच, अर्धं गाव कपाळाला चुना नाहीतर सुंठ लावून फिरायचं. उपास सोडा असं कुठं म्हटलं? नुसत्या चहावर अन् रात्री ९ च्या चंद्रोदयापर्यंत कोरडं राहण्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, राजगिऱ्याचा लाडू वेळेवर घ्या. हरतालिकेचा निर्जळ उपास मात्र अर्धशिशीवालीनं अन् गरोदर बाईनं करू नये असंच मी सांगते, माझ्या सासूलाही तेच सांगते.

मोहफूल
सिस्टर उन्हाळ्याचं पण सांगा ना, आमच्या इकडे ब्रह्मपुरी-चंद्रपूरले मे महिन्यात ४५-४६ असते, तेंदूपत्ता तोडायले पहाटे जातात अन् येईपर्यंत सगळ्यायचं डोकं फुटायले होते. खिशात कांदा ठेवतात.

उपकेंद्रातली सिस्टर
कांदा खिशात ठेवून काही होत नाही, भाकरीसोबत खा. घामात पाण्यासोबत मीठ पण जातं, म्हणून तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी, सोबत मीठ घातलेलं ताक, पन्हं, आंबील. ओआरएस नसेल तर १ लिटर पाण्यात ६ चहाचे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट, शीग लावून नाही. बीपीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरला विचारून. डोक्याला ओला शेला, चकाकीनं दुखतं त्यांना टोपी किंवा गॉगल. लोक हसतील, हसू द्या. अन् उन्हात डोकं दुखून माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला अन् १०८. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पराटीवाली
सगळ्यांचे आभार. दिवाळीच्या दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली. सिस्टर तुम्ही सांगितलं नसतं तं मी मधेच सोडून दिलं असतं, लय हाल झाले, एक रात्र तं भिंतीले डोकं टेकवून बसून काढली. जाऊबाईनं स्वयंपाक सांभाळला, नजर पण उतरवली, तिचं तिचं समाधान. आता दुखते पण रोज नाही. सकाळी भाकर खाऊन निघते. अर्धशिशी आली तेव्हा काय करू थे सांगा, तेव्हा तरी गोळी घेऊ का नको?

उपकेंद्रातली सिस्टर
शाब्बास. अर्धशिशी सुरू होतेय असं वाटलं की लगेच, ठणका चढायच्या आधी, अंधाऱ्या खोलीत आडवं व्हा, कपाळावर अन् मानेवर थंड पाण्याची पट्टी, माठातलं पाणी चालेल. मोबाईल दुसऱ्या खोलीत. श्वास हळू, आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा मोजेपर्यंत, दहा मिनिटं. आल्याचं पाणी घोट घोट, मळमळीला बरं वाटतं. पुदिन्याच्या सत्वाचं तेल कानशिलाला लावलं तर ताणाच्या डोकेदुखीत आराम पडतो, लहान लेकरांच्या नाकाजवळ मात्र न्यायचं नाही. एवढं करून नाही थांबलं तर गोळी घेण्यात काही पाप नाही, उगाच हट्ट करून उलट्या करत बसू नका. कोणती अन् किती ते मेडिकल ऑफिसर सांगतील, फक्त आठवड्यातून दोन दिवसांच्या वर जाऊ द्यायची नाही. महिन्यातून चार-पाच वेळा अर्धशिशी येत असेल तर ती येऊच नये म्हणून वेगळं औषध असतं, त्याला नाही म्हणू नका. जाल तेव्हा बीपी अन् हिमोग्लोबिन दोन्ही बघून घ्या, पाळीत जास्त जात असेल तर ते पण सांगा.

अन् हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: एका क्षणात वीज पडल्यासारखं दुखणं, ताप अन् मान आखडणं, एका बाजूचा हातपाय लुळा, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, बाळंतपणाच्या आसपासचं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, यात घरगुती काही करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखत असेल तर आधी दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा.

पराटीवाली
बुधवारी आरोग्य केंद्रात जाते, कॅलेंडरचं पान फाडून घेऊन. कपाशीवाले भाऊ, तुमचं फवारणीचं घरी वाचून दाखवलं. फवारणीचे कपडे आता मालक स्वतःच धुतात, हातमोजे घालून. पण म्हणतात चष्मा अन् मास्क दोन्ही घातलं का काचेवर वाफ येते, काहीच दिसत नाही, मग काढून फेकतात. त्याले काय करता तुम्ही?

कपाशीवाला पुसद
बाजूनं बारीक भोकं असलेला चष्मा कृषी सेवा केंद्रात मागा, साधा वेल्डिंगवाला नको. मास्कची वरची पट्टी नाकावर दाबून बसवायची म्हणजे श्वास वर जात नाही. तरी वाफ आली तं धुऱ्यावर येऊन, हात धुवून पुसायचा. अन् पंप अर्धाच भरून घ्या म्हणा, तेवढ्यानं खांदा बी वाचते.